गोळी चालू असताना चेहरा लाल झाला म्हणजे प्यायलाच असं नाही

प्रश्न : डॉक्टर, मिस्टरांना व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन दोन महिने झाले, रोज सकाळी दारू सुटावी म्हणून दिलेली डायसल्फिराम 250 ची गोळी मी समोर उभी राहून देते. दारू बंद आहे पण दिवसभर पेंगतात, तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणून जेवण जात नाही, श्वासाला लसणासारखा वास येतो आणि आठ दिवसांपासून पायाला मुंग्या येतात म्हणतात. मागच्या आठवड्यात रात्री एकदम चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. मी आणि दीर दोघं त्यांच्यावर धावून गेलो की कुठून पिऊन आलात, ते पोरांची शपथ घेत होते. नंतर कळलं की पचन सुधारावं म्हणून सासूबाईंनी अर्धा कप द्राक्षासव दिलं होतं. त्याने असं होतं का? गोळी बंद करू का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, होतं. तुमचे मिस्टर बहुतेक खरंच बोलत होते, आधी त्यांना तसं सांगून टाका आणि मग पुढचं वाचा.

दारू पोटात गेली की लिव्हर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, ते विषारी असतं पण एरवी लगेच पुढे मोडलं जातं. ही गोळी नेमकं ते पुढचं मोडणं अडवते, म्हणून विष साचतं आणि चेहरा तापतो, डोकं ठणकतं, बीपी खाली येतं. (1940 च्या दशकात डेन्मार्कमधले संशोधक हेच औषध जंतांवर चालतं का बघायला स्वतः घेत होते, त्यावर मद्य घेतल्यावर त्यांची अशीच गत झाली आणि तिथून पुढे हे दारू सोडवायला वापरात आलं.) आता गोळीला काय कळणार की आत आलेलं क्वार्टरमधलं आहे की आसवातलं! आसव-अरिष्टात आंबवताना आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण 5 ते 10 टक्के, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण ते वाचतंय कोण. सासूबाईंचा दोष नाही, केंद्रातून सोडताना हे घरच्यांना सांगायला हवं होतं. काही खोकल्याची सिरप, होमिओपॅथीचे थेंब, माउथवॉश, झालंच तर आफ्टरशेव्ह न् सॅनिटायझर, हे सगळं लेबल बघितल्याशिवाय नको. जुलाब लागले म्हणून मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल पण परस्पर आणू नका, या गोळीबरोबर घेतलं तर माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो.

बाकीच्या तक्रारी मात्र गोळीच्या स्वतःच्या. पेंग येत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी रात्री घ्या, बऱ्याच जणांना तेवढ्याने फरक पडतो, आणि पेंगत असतील तोवर गाडी चालवू देऊ नका. लोखंडी चव आणि लसणाचा वास त्रासदायक आहे पण धोक्याचा नाही, औषध शरीरात मोडताना गंधकाचे पदार्थ तयार होतात त्याचा तो वास.

मुंग्यांचं मात्र मला हलकं घ्यायचं नाहीये. या गोळीने पायाच्या नसांना इजा होऊ शकते, अर्थात इतकी वर्षं प्यायल्यानेही होते, बी-12 कमी असलं तरी होते, म्हणून घरी अंदाज बांधत बसू नका, याच आठवड्यात तपासून घ्या. नसांचं लवकर लक्षात आलं तर भरून येतं, पण सावकाश. त्याच वेळी लिव्हरची रक्त तपासणी करून घ्या, कारण क्वचित ही गोळी लिव्हरला सूज आणते आणि ते बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसतं. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, किंवा नजर अंधुक झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे. तसं काही नसेल तर डॉक्टर सांगेपर्यंत आपल्या मनाने बंद करू नका. आणि बंद झाली तरी असर 14 दिवसांपर्यंत राहू शकतो, कालच थांबवली मग आज एक पेग चालेल हा हिशेब कोणी करू नये. पुन्हा तसा झटका आला आणि छातीत दुखलं, धाप लागली किंवा चक्कर येऊन पडले तर घरगुती उपाय नकोत, सरळ हॉस्पिटल.

प्रश्न : भाऊ 52 वर्षांचा, रोज पितो, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरकडे येत नाही. हीच गोळी कुटून आमटीत टाकली तर?

उत्तर : अजिबात नाही. शेवटचा घोट घेऊन निदान 12 तास झाल्याशिवाय, आणि त्याला माहीत असल्याशिवाय ही गोळी द्यायचीच नसते, त्यात हार्टचा पेशंट! संध्याकाळी बारमध्ये बसल्या जागी बीपी कोसळलं तर काय झालंय हे त्यालाही कळणार नाही आणि उचलून नेणाऱ्यालाही नाही. आणि रोजच्या पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, तेही करू नका. तो येत नसेल तर आधी तुम्ही एकटे मानसोपचाराच्या ओपीडीत जा, त्याचे अँजिओप्लास्टीचे कागद बरोबर न्या.