त्या एका अक्षराची गोष्ट

प्रश्न: यॉर्कशरमधल्या एका पबमध्ये 'ओल्ड पेक्युलियर' ही काळपट बिअर प्यायलो. नावाच्या स्पेलिंगमध्ये 'ए'च्या जागी 'ई' होता. ती छपाईची चूक का? आणि बिअर थंडगार का नव्हती?

उत्तर: चूक नाही हो! ही बिअर जिथे बनते, त्या मॅशम गावाचा इतिहास त्या अक्षरात आहे. मध्ययुगात या गावाला स्वतःचं धर्मन्यायालय मिळालं आणि यॉर्कच्या आर्चबिशपचा हुकूम तिथे चालेनासा झाला. अशा स्वतंत्र धर्मक्षेत्राला 'पेक्युलियर' म्हणत, आणि ते असंच 'ई' घालून लिहीत. त्या न्यायालयाची मोहर बिअरच्या लेबलवर आजही आहे. गावाचा मान बाटलीवर मिरवणारी अशी माणसं मला फार आवडतात.

रॉबर्ट थीकस्टन यांनी इथे 1827मध्ये ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, सुरू केली. पुढे ती घराण्याच्या हातून गेली, आणि 2003मध्ये घराण्याने ती परत मिळवली. मोठ्या कंपन्यांनी गिळलेल्या किती गावच्या ब्रुअरी अशा घरी परतल्या?

ही 'ओल्ड एल' जातीची बिअर, 5.6 टक्के अल्कोहोलची. पूर्वी अशी कडक एल लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरवत, म्हणून ती 'ओल्ड'. पिंपातली एल तळघराच्या गारव्यातच, साधारण 12 अंशांवर देतात. बर्फासारखी गार केली, तर भाजक्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) आणि सुक्या फळांसारखा स्वाद जिभेला कळतच नाही. पुढच्या वेळी घोटभर घेऊन जरा थांबा.