युक्रेन, मोल्दोव्हा, जॉर्जिया यांना युरोपीय संघ आणि रशिया दोघांशीही जमवता आलं नसतं का?

काही काळ जमलं होतं. २००९ साली प्रागमध्ये युरोपीय संघाने सहा पूर्व शेजाऱ्यांसाठी 'पूर्व भागीदारी' सुरू केली, तेव्हा कुणाला रशियाशी नातं तोडायला सांगितलं नव्हतं.

अडलं ते आयात शुल्कावर. मुक्त व्यापार करार कितीही देशांशी करता येतो. सीमाशुल्क संघाचं तसं नाही. तिथे बाहेरच्या मालावरचं शुल्क सगळ्यांचं एकच, ते एकट्या सदस्याला बदलता येत नाही. म्हणून मॉस्कोच्या, म्हणजे रशियाच्या पुढाकाराने बनलेल्या सीमाशुल्क संघात गेलेल्या देशाला ब्रसेल्सशी, म्हणजे युरोपीय संघाशी, मुक्त व्यापार करार करणं शक्यच नव्हतं. त्या सहांपैकी आर्मेनियाने सप्टेंबर २०१३ मध्ये मॉस्कोची बाजू घेतली. नोव्हेंबरमध्ये युक्रेनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांनी युरोपशी होणाऱ्या करारावरची सही थांबवली आणि कीवमध्ये लोक रस्त्यावर आले. उलट बाजूने मात्र अशी अट नव्हती. युरोपशी करार करूनही युक्रेनचा रशियाशी मुक्त व्यापार चालू राहू शकला असता. तो जानेवारी २०१६ पासून रशियानेच बंद केला. त्यामुळे 'दोघांनीही सारखंच खेचलं' हे मला अजिबात पटत नाही.

युरोपचा दोष वेगळा. करारासाठी कायदे, मानकं, बाजार सगळं बदलायला लावलं, पण सदस्यत्वाचं आश्वासन कितीतरी वर्षं दिलं नाही. युक्रेन आणि मोल्दोव्हाला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला तो जून २०२२ मध्ये, युद्ध पेटल्यावर. जॉर्जियाला तो २०२३ च्या डिसेंबरात मिळाला, आणि वर्षभरातच तिथल्या सरकारने सदस्यत्वाची बोलणी २०२८ अखेरपर्यंत पुढे ढकलली. तिबिलिसीतले लोक त्याविरुद्ध रात्रीमागून रात्री रस्त्यावर उभे राहिले, हे विसरू नका.

शिखर परिषदांपेक्षा विजेच्या तारांकडे बघा, असं मी नेहमी सांगतो. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे, हल्ल्याच्या काही तास आधी, युक्रेनची वीजजाळी चाचणीसाठी रशियन जाळ्यापासून वेगळी केली होती. ती परत जोडलीच नाही. १६ मार्चला युक्रेन आणि मोल्दोव्हा युरोपच्या जाळ्याला जोडले गेले. हे काम ठरलं होतं २०२३ साठी. इतकी वर्षं रखडलेलं काम तीन आठवड्यांत झालं, म्हणजे अडचण फक्त तांत्रिक नव्हती.

मोल्दोव्हात मात्र अजून धाकधूक आहे. ऑक्टोबर २०२४ च्या सार्वमतात युरोपचा पर्याय अगदी निसटत्या बहुमताने टिकला, तोही परदेशात राहणाऱ्या मतदारांमुळे. आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर युरोपीय संघाच्या २७ ही सदस्यांची संमती लागते. एकानेही हात आखडला की सगळं अडतं.