अपघातात गेलेल्या गृहिणीची भरपाई कशी मोजतात? अर्थतज्ज्ञाचा अहवाल लावावा का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. तुमच्या ४२ वर्षांच्या वहिनींना रिंग रोडवरच्या चौकात डंपरनं उडवलं. मागे भाऊ आणि शाळेत जाणारी दोन मुलं. विमा कंपनी म्हणते ७ लाखांत मिटवा, आणि वकील म्हणतात गृहिणीला याहून फार मिळत नसतं. तेव्हा अर्थतज्ज्ञाचा अहवाल जोडावा का, हा पहिला. तेच आकडे घेऊन कॉलनीच्या समितीनं त्या चौकाच्या सुधारणेसाठी महापालिकेकडे जावं का, हा दुसरा.

वकिलांना भरपाईचे हिशेब मांडून देणं हा इंदूरमधला माझा रोजचा धंदा आहे. तरी सांगतो, पहिल्या कामासाठी अहवालावर पैसे घालू नका. आणि ७ लाखांच्या कागदावर सहीही करू नका.

मोटार अपघाताच्या दाव्यात हिशेबाची चौकट सर्वोच्च न्यायालयानं बांधून दिलेली आहे. २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्यानं गुणायचं ते आकडे, ठरले, २०१७ मध्ये प्रणय सेठी प्रकरणात घटनापीठानं बाकीचं पक्कं केलं. ४१ ते ४५ वयाला गुणक १४. पगारी नोकरी नसलेल्या ४० ते ५० वयाच्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीचे २५ टक्के मिळवायचे. अवलंबून असलेले दोन-तीन जण असतील तर मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा करायचा. वहिनींच्या कामाची किंमत महिना १२,००० धरली तर वाढीसह १५,००० होतात, वजावटीनंतर १०,००० राहतात, म्हणजे वर्षाचे १,२०,००० आणि १४ नं गुणल्यावर १६,८०,०००. वर अंत्यविधीचे १५,०००, वारशाच्या नुकसानीचे १५,००० आणि सहवास गमावल्याचे नवरा व प्रत्येक मुलामागे ४०,०००. हे २०१७ चे आकडे. त्यांत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ सांगितलेली आहे, म्हणून ४०,००० चे हल्ली ४८,४०० धरतात. शिवाय अर्ज दाखल केल्यापासूनचं व्याज.

४२ व्या वर्षी गेलेली बाई अजून वीस-पंचवीस वर्षं तरी राबली असती, मग १४ च का, असं सगळेच विचारतात. पैसे एकरकमी हातात येतात आणि बँकेत व्याज मिळवतात, म्हणून. १६.८ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला १,१७,६०० मिळतात, म्हणजे जवळपास तिचा वर्षाचा वाटा, आणि मुद्दल शाबूत. महागाई त्या मुद्दलाला कुरतडत राहते हे खरंच, पण त्यावर हे दावे चालतात त्या न्यायाधिकरणात वाद घालून तुमच्या हाती काही लागणार नाही.

वाद घालायचा तो त्या १२,००० वर. तुमच्या हिशेबात महिन्याचे १,००० रुपये वाढले की शेवटी १,४०,००० वाढतात. विमा कंपनीचे ७ लाख या सूत्रात उलटे घालून पाहा. त्यांनी वहिनींच्या कामाची किंमत महिना ५,००० किंवा त्याहूनही कमी धरलेली दिसेल. तुमच्या वकिलांच्या डोक्यात बहुधा जुने निकाल बसलेत. १९८९ च्या जमशेदपूरच्या आगीबद्दलच्या लता वाधवा निकालात, २००१ साली, ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींसाठी महिना ३,००० धरले होते, आणि पुढे कितीतरी वर्षं तोच आकडा झेरॉक्स होऊन फिरत राहिला. जानेवारी २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स निकालात न्यायालयानं वेळेच्या वापराची सरकारी पाहणीच समोर ठेवली. बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. गृहिणीच्या मानीव, म्हणजे गृहीत धरलेल्या, उत्पन्नालाही भावी वाढ लागू होते, हे त्यातच स्पष्ट झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की गृहिणीचं उत्पन्न रोजंदारीच्या मजुराहून कमी धरताच येणार नाही.

म्हणून अपघाताच्या तारखेला मध्य प्रदेशात लागू असलेलं किमान वेतन हा तुमचा तळ. त्यातही अकुशलच का, कुशल का नाही, हे वकिलांनी भांडून मागावं. पोळ्यांची बाई, धुणंभांडी, मुलांचा अभ्यास, आजारपणातली उठबस या सगळ्याला आपल्या भागातल्या दरानं माणसं ठेवली तर काय पडेल, ते एका पानावर मांडा आणि भावाच्या शपथपत्राला जोडा. तेवढ्यासाठी तज्ज्ञ नको. तुमची आई भावाच्या घरी राहत असेल, वहिनीच त्यांचं करत असतील, तर त्यांचंही नाव अर्जात घालायला सांगा. २०२१ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं जावयाकडे राहणाऱ्या सासूला कायदेशीर प्रतिनिधी मानलं आहे. अवलंबून असलेले चार धरले गेले तर वजावट एक तृतीयांशऐवजी एक चतुर्थांश होते.

आता प्रश्नात तुम्ही ओझरतं लिहून गेलात ते. वहिनी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेत. अहो, खरा मुद्दा तर हा आहे! राजेंद्रनगर-सुदामानगरकडे अशी घरं काही कमी नाहीत, आणि कागदावर मात्र सगळ्या नुसत्या गृहिणी. मी पाहिलेल्या एका प्रकरणात मुलाची अर्धी कोरी राहिलेली शाळेची वही होती. पानाच्या डावीकडे 'काकू, वरचा मजला', समोर 'चकली २ कि., चिरोटे १, ॲडव्हान्स ५००', पैसे मिळाले की आडवी रेघ. शेवटच्या पानांत सियागंज बाजारातल्या तेल-बेसनाच्या चिठ्ठ्या टाचलेल्या. फोनमध्ये त्याच आठवड्यांतल्या यूपीआयच्या जमा रकमा, आणि त्या वहीतल्या आडव्या रेघांशी जुळत होत्या. सीएचं नुसतं प्रमाणपत्र उलटतपासणीत टिकत नाही. अशी तेलाचे डाग पडलेली वही टिकते.

अशी वही सापडली तर एक पथ्य पाळा. आलेले पैसे म्हणजे उत्पन्न नव्हे. तेल, भाजणी, गॅस, मदतीला येणाऱ्या बाईची मजुरी आपणच वजा करून दाखवा, नाहीतर विमा कंपनीचा वकील ते करेल आणि कंपनीच्या बाजूला झुकवून करेल. वर्षाला निव्वळ ६०,००० सुटत असतील तर महिन्याला ५,००० धरून वरच्याच सूत्रानं ७ लाख वाढतात. म्हणजे कंपनीचा पूर्ण प्रस्ताव एकट्या फराळात आला. वहीचा पसारा मोठा असेल, बचत गटाशी किंवा दुकानांशी व्यवहार असेल, तर आणि तरच माझ्यासारख्याला बोलवा. मात्र अहवाल लिहिणारा साक्षीला उभा राहणार का, हे आधी विचारा. तो उभा राहणार नसेल तर ते कागद फुकट.

दोन तातडीच्या गोष्टी. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायची मुदत एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलेलं असलं तरी त्या भरवशावर बसू नका. आणि वकील मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागत असतील, तर बार काउन्सिलच्या नियमांना ते मंजूर नाही. फी ठरवून घ्या.

चौकाचं वेगळं आहे. भरपाईचे आकडे महापालिकेपुढे नेऊ नका. ते मिळकतीवर बेतलेले असतात. साठीपुढच्या माणसाला गुणक ७, पासष्टीपुढे ५. त्यांची बेरीज मांडली की जिथून आजोबा आणि मजूर रस्ता ओलांडतात तो चौक स्वस्त आहे, असं समितीच लिहून देते. शिवाय ते पैसे विमा कंपनी भरते, पालिकेचा इंजिनिअर पहिल्याच बैठकीत हे ऐकवेल.

तिथे चालतो तो 'ब्लॅक स्पॉट'चा, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेचा, निकष. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. ठाण्यातल्या एफआयआरची यादी माहिती अधिकारात मागवा. मग उपायांचा खर्च मांडा, आणि प्रत्येक उपायाचा भुर्दंड कोणावर पडतो तेही लिहा. दुभाजक बंद केला तर पायी माणसाला किती लांबून वळसा पडेल, याचा रकाना बहुतेक प्रस्तावांत नसतो. आपल्या इंदूरच्या बीआरटीएसचं, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या लेनचं, आठवा. २०१३ मध्ये सुरू झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं काढायला परवानगी दिली. मधल्या काळात एक बाजू शेजारच्या लेनमधल्या खोळंबलेल्या गाड्या मोजत होती आणि दुसरी बसमधली माणसं. आकडे दोघांचेही बरोबर होते.

तुम्ही माणसं मोजा. शाळेच्या वेळेला आणि संध्याकाळी, पायी किती आणि दुचाकीवर किती. डंपर कोणत्या वेळी येतात ते वेगळ्या रकान्यात, गाडी नंबरासकट. जड वाहनांना बंदी असलेल्या वेळेत त्यातले काही निघाले, तर तो कागद पालिकेआधी वाहतूक पोलिसांकडे द्या. बंदी पाळायला लावण्यासाठी बजेटची मंजुरी लागत नाही.