मार खाल्लेलं मूल पुढे मारतंच का? कौटुंबिक हिंसाचाराच्या संशोधनाविषयी वाचकांचे प्रश्न

कौटुंबिक हिंसाचार आणि मुलांवरचे अत्याचार यांवरच्या संशोधनाबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : लहानपणी वडिलांच्या पट्ट्याचा मार खूप खाल्ला. आता दोन महिन्यांत मी बाबा होणार आहे. मार खाल्लेली माणसं आपल्या मुलांना मारतात, असं जिथे तिथे वाचतो. माझंही तेच होणार असं धरून चालायचं का?

उत्तर : नाही. जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी १९८७ मध्ये तोवरचे अभ्यास तपासले. अत्याचार सोसलेल्यांपैकी साधारण ३० टक्के पालक पुढे स्वतः अत्याचार करतात, असा त्यांचा अंदाज निघाला. इतर पालकांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे, ते लपवून तुम्हाला धीर देण्यात अर्थ नाही. पण दहातले सात जण तसं करत नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे.

मग ही समजूत इतकी घट्ट का बसली? पूर्वीचे पुष्कळ अभ्यास उलट्या दिशेने झाले म्हणून. मुलांना मारणारे पालक गोळा करायचे आणि त्यांना त्यांचं लहानपण विचारायचं. बरेच जण सांगतात, ‘हो, आम्हीही मार खाल्ला.’ ज्यांनी मार खाल्ला पण मुलावर कधी हात उगारला नाही, ते कशाला कोर्टात किंवा दवाखान्यात येतील? ते मोजणीत येतच नाहीत.

अमेरिकेतल्या कॅथी विडम यांनी दिशा सुलट केली. कोर्टाच्या नोंदींत अत्याचार किंवा हेळसांड सिद्ध झालेली ९०८ मुलं आणि त्यांच्याशी वय, वस्ती वगैरे जुळणारी, पण अशी नोंद नसलेली ६६७ मुलं घेऊन त्यांचं पुढे काय झालं ते पाहिलं. १९८९ च्या निबंधानुसार अल्पवयात अटक झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात २६ टक्के होतं आणि दुसऱ्यात १७. फरक आहेच, पण पहिल्या गटातल्याही बहुतेकांना त्या वयात अटक झाली नाही. तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारा निबंध २०१५ चा आहे. तोवर या मुलांना मुलं झाली होती. बालसंरक्षण यंत्रणेच्या नोंदींत पहिल्या गटातल्या पालकांविरुद्ध तक्रारी जास्त होत्या. पण पालकांना आणि त्यांच्या मुलांना थेट विचारलं, तेव्हा मारहाणीच्या बाबतीत दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. हेळसांड आणि लैंगिक अत्याचार यांत मात्र दिसला. तक्रारी जास्त असण्याचं एक कारण असं, की ज्या घरावर आधीच नोंद आहे त्याच्याकडे यंत्रणेचं लक्षही जास्त असतं.

साखळी तुटते कशी, यावर मिनेसोटात बायरन एगलँड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये काम केलं. साखळी तोडणाऱ्या आयांच्या आयुष्यात काही गोष्टी जास्त वेळा आढळल्या : लहानपणी जीव लावणारं एखादं मोठं माणूस, नंतर कधीतरी घेतलेले मानसोपचार आणि सध्याच्या जोडीदाराचा भक्कम आधार. पहिली गोष्ट आता तुमच्या हातात नाही, दुसरी आणि तिसरी आहे. पत्नीला त्या पट्ट्याबद्दल सांगितलं नसेल, तर बाळ येण्याआधी सांगा. रात्री बाळ रडायचं थांबत नाही आणि आपलं डोकं तापलंय, अशा वेळी काय करायचं तेही दोघांनी आधीच ठरवा. दुसरं कुणी जवळ नसेल, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून चार-पाच मिनिटं बाजूच्या खोलीत जा. थोडं रडल्याने बाळाला काही होत नाही. गदागदा हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

प्रश्न : समाजकार्याच्या प्रकल्पासाठी वाचताना लैंगिक अत्याचारांचं प्रमाण एका ठिकाणी हजारात चार दिसतं, दुसऱ्या ठिकाणी शंभरात बारा-तेरा. कुठला आकडा खरा धरू?

उत्तर : दोन्ही. तुम्ही बहुधा एकाच अभ्यासातले दोन आकडे दोन ठिकाणी वाचलेत. मारीये स्टोल्टेनबर्ख आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जगभरातली पाहणी एकत्र केली. माणसाला स्वतःला विचारलं, तर हजारात १२७ जण लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगतात. डॉक्टर, शिक्षक, बालसंरक्षण कर्मचारी यांना काय आढळलं ते मोजलं, तर हजारात ४. तीसपटीचा फरक आहे. मोठ्यांपर्यंत पोचलेला त्रास एवढासाच असतो.

मात्र स्वतःचं सांगणं शंभर टक्के बिनचूक आणि नोंदी निरुपयोगी, असा निष्कर्ष काढू नका. जेसी बाल्डविन यांच्या २०१९ च्या आढाव्यात बालपणीच केलेल्या नोंदी आणि मोठेपणीच्या आठवणी शेजारी ठेवल्या आहेत. नोंदीत असलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांनी मोठेपणी ते सांगितलं नाही. उलट, मोठेपणी सांगणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोकांची नोंदच नव्हती. कुणी विसरतं, कुणाला सांगायचं नसतं, कुणाचं कुणाला कधी कळलेलंच नसतं. दोन रीतींनी माणसांचे दोन बरेच वेगळे गट हाती लागतात. म्हणून प्रकल्पात प्रत्येक आकड्याशेजारी लिहा : कुणाला विचारलं, किती वयात आणि कोणत्या शब्दांत. परीक्षकांनी हे विचारलं नाही, तर मला नवल वाटेल.

प्रश्न : इंटरनेटवर बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांची चाचणी सोडवली. दहापैकी सात आले. तेव्हापासून झोप उडाली आहे.

उत्तर : त्या सातावरून तुमचं भविष्य कळत नाही. ही चाचणी ज्यावरून निघाली, तो व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांचा अभ्यास १९९८ चा, कॅलिफोर्नियातल्या एका आरोग्यविमा संस्थेच्या सभासदांवर केलेला. चार किंवा जास्त प्रकारचे अनुभव असलेल्यांत व्यसनं, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी जास्त आढळला. अभ्यास महत्त्वाचा आहे, पण ही गटाची सरासरी आहे. चाचणीत एखादा प्रकार एकदा घडला काय किंवा दहा वर्षं रोज घडला काय, गुण एकच. आजी पाठीशी होती का, घर कधी सुटलं, हे ती विचारतच नाही. आंडा यांनीच २०२० मध्ये लिहिलं, की एकेका माणसाचा धोका ठरवायला हे गुण वापरू नयेत.

झोप उडाली आहे, याकडे मात्र लक्ष द्या. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, गुणांचा कागद नेला नाही तरी चालेल.

प्रश्न : ‘आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?’ असं सासरे म्हणतात. एखाद्या धपाट्याने खरंच नुकसान होतं का?

उत्तर : एखाद्या धपाट्याने मूल बिघडतं, असं कुठलंच संशोधन म्हणत नाही. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यासांतल्या १,६०,९२७ मुलांची माहिती एकत्र केली. जबर मारहाणीचे अभ्यास वगळून त्यांनी फक्त हाताने मारलेल्या चापट्या-धपाटे घेतले. तपासलेल्या १७ परिणामांपैकी १३ ठिकाणी ठोस संबंध दिसला आणि प्रत्येक ठिकाणी तो वाईटाकडेच झुकलेला होता. मुलं शहाणी झाली, असं एकाही बाबतीत दिसलं नाही.

दांडगट मुलांनाच मार जास्त बसतो, मग दोष माराचा कसा, असा आक्षेप रॉबर्ट लार्झेलेअर यांच्यासारखे संशोधक घेतात, आणि तो रास्त आहे. पण मूल आधी किती आक्रमक होतं ते हिशेबात धरून पुढची वर्षं पाहणाऱ्या अभ्यासांतही मारानंतर आक्रमकपणा वाढलेलाच दिसतो. परिणाम लहान आहे. सासऱ्यांसारखी पुष्कळ माणसं धडधाकट निघतात ती म्हणूनच. फायदा शून्य असताना तेवढा तोटा तरी का पत्करायचा, हे त्यांना विचारून पाहा.

प्रश्न : बायकाही नवऱ्यांना तितकंच मारतात, हे सिद्ध झालंय ना?

उत्तर : कोणत्या मोजपट्टीने मोजलं, त्यावर आहे. मरे स्ट्राउस यांच्या १९७५ च्या अमेरिकन पाहणीत ढकललं का, थोबाडीत मारली का, अशी कृत्यांची यादी होती, आणि त्यात स्त्री-पुरुष जवळपास सारखे आले. इजा किती झाली हे त्या यादीत नव्हतं. १९९६ च्या सुधारित आवृत्तीत ते घेतलं गेलं. धाक तरीही त्यात नीट मावत नाही. मायकल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये दोन प्रकार वेगळे केले : भांडणाच्या भरात दोघांकडूनही होणारी मारामारी, आणि पैसा, फोन, येणं-जाणं सगळं मुठीत ठेवून केलेली दहशत. घरोघरच्या पाहणीत पहिला प्रकार दिसतो, आधारगृहात आणि कोर्टात दुसरा. दुसऱ्यात करणारे बहुतेक पुरुष असतात. मार खाणाऱ्या पुरुषाला मदत मिळायलाच हवी. त्यासाठी समसमान असल्याचा दाखला लागत नाही.

प्रश्न : प्रबंधासाठी ‘कौटुंबिक हिंसाचार सर्वेक्षण’ करणार आहे. दर घरातून पती, पत्नी आणि एक मूल अशा तिघांना प्रश्नावली द्यायचा विचार आहे. काय काळजी घेऊ?

उत्तर : आधी हा आराखडाच बदला. नवऱ्याला कळलं, की बायकोलाही हेच प्रश्न विचारलेत, तर तुम्ही गेल्यावर त्या घरात काय होईल? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका घरातून एकाच स्त्रीची मुलाखत घ्यायची, तीही एकांतात, आणि पाहणीचं नाव बाहेर ‘स्त्रियांचं आरोग्य’ असं काहीतरी साधं ठेवायचं. मध्येच कुणी आलं, तर विषय बदलता यावा म्हणून दुसरे निरुपद्रवी प्रश्न हाताशी हवेत. याच पद्धतीने १० देशांतल्या २४,००० हून अधिक स्त्रियांशी बोलून २००५ चा अहवाल तयार झाला. अनेकींनी मुलाखतकारापूर्वी ही गोष्ट कुणालाच सांगितलेली नव्हती.

‘तुमच्यावर हिंसा झाली का?’ असंही विचारू नका, बऱ्याच जणी ‘नाही’ म्हणतील. कधी थोबाडीत मारली का, केस ओढले का, काही फेकून मारलं का, असं एकेक विचारा. मुलांना तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय काहीच विचारू नका. एखाद्या मुलाने आत्ता चालू असलेला अत्याचार सांगितला, तर कुणाला कळवायचं आणि मुलाला ते आधी कसं सांगायचं, हे प्रस्तावातच लिहावं लागेल. मुलाखत घेणाऱ्यांसाठीही दर आठवड्याला बोलायला कुणीतरी अनुभवी माणूस ठेवा. हे काम मध्येच सोडून जाणारे पुष्कळ असतात, आणि बहुतेकदा ते ऐकलेलं सहन न झाल्यामुळे जातात.