मचाण कुठं बांधायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: नमस्कार दादा. गोव्यात सत्तरी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग आहे. मागच्या बाजूला एक व्हाळ आहे, पूर्वेकडून डोंगरातून उतरतो आणि पश्चिमेला जातो, मार्च संपेपर्यंत त्यातल्या एका लहान डोहात पाणी टिकतं. तिथं संध्याकाळी मेरू (सांबरं) येतात, भेकरं तर नेहमीचीच. मुलीला फोटोग्राफीचा नाद आहे, तिच्यासाठी मचाण बांधावं म्हणतोय. तीन जागा डोक्यात आहेत. डोहावर वाकलेला जुना आंबा, दक्षिण काठावर डोहापासून पंचवीस-तीस पावलांवर असलेलं जांभूळ, आणि ईशान्येला चढावर, जिथून मेरूंची वाट खाली उतरते तिथला ऐन. घर नैर्ऋत्येला आहे. कुठलं झाड घेऊ?

उत्तर: जांभळाची जागा घ्या, पण मचाण जांभळावर बांधू नका, ते का ते पुढं सांगतो, आधी जागेचं बघूया.

बहुतेक जण काय करतात, जनावर जिथं दिसलं त्याच्या अगदी जवळचं उंच झाड धरतात आणि पंधरा दिवसांत म्हणायला लागतात की आता येतच नाहीत. येतात हो, पण तुम्ही शिडी चढायच्या आधीच त्यांना कळलेलं असतं की आज इथं माणूस आहे, आणि मग ती रात्री उशिरा येतात नाहीतर दुसरीकडं पाणी पितात. सांबराची नजर हलणाऱ्या गोष्टीवर पटकन जाते, कान तर सतत फिरत असतात, पण खरा भरवसा नाकावर. त्यामुळं मचाणाची जागा ठरवताना जनावर कुठं दिसतं हे मी सगळ्यात शेवटी बघतो, आधी आपला वास कुठं जातो आणि आपण कुठल्या वाटेनं येतो-जातो ते बघतो.

आता वारा. पावसाळा संपला की आपल्याकडं सकाळी वारा सह्याद्रीकडून समुद्राकडं जातो, आणि ऊन तापलं की दुपारी उलटा, समुद्राकडून आत, तोही बऱ्याचदा वायव्येकडून. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे म्हणून पाठ केलेलं असतं ना, ते हेच. म्हणजे डोहाच्या पश्चिमेला बसलात तर सकाळ बरी पण संध्याकाळी तुमचा सगळा वास डोहावर, पूर्वेला बसलात तर सकाळ गेली. आणि उजेडाचंही तसंच अडतं बघा, सकाळी वाऱ्यासाठी पश्चिमेला बसावं तर सूर्य समोर, संध्याकाळी पूर्वेला बसावं तरी सूर्य समोरच, लेन्समध्ये नुसती चमक आणि जनावर काळं ठिक्कर. म्हणून दक्षिणेची बाजू. तिथून उत्तरेकडं बघताना सकाळचा वारा तुमचा वास पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला नेतो, दुपारचा वायव्येचा वारा आग्नेयेला नेतो, दोन्ही वेळा डोह वाचतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो त्यामुळं उजेड पाठीमागून नाहीतर बाजूनं मिळतो. मुलीला फोटोसाठी हेच हवं असणार.

ऐनाची जागा मात्र मोहात पाडणारी आहे, वाट समोरून दिसते, खुरं उमटलेली असतात, लेंड्या पडलेल्या असतात, त्यामुळं वाटतं हीच जागा. पण डोंगरपायथ्याला आणखी एक गोष्ट होते. ऊन उतरलं की वरची थंड झालेली हवा जड होते आणि चढावरून, व्हाळाच्या घळीतून खाली सरकायला लागते, समुद्रावरचा वारा पडल्यावर तर तीच चालते. ऐनावर बसलात तर ऐन मेरू यायच्या वेळेला तुमचा वास त्यांच्याच वाटेवरून खाली घरंगळत डोहापर्यंत जाणार. आणि नैर्ऋत्येच्या घरातून ईशान्येच्या ऐनाकडं जायचं म्हणजे व्हाळ ओलांडायचा, त्यांची वाट तुडवायची, अंधारात परत तीच तुडवायची. ही जागा सोडाच.

आंबा का नको? पाण्यावर वाकलेलं जनावर आधीच बावरलेलं असतं, तोंड खाली, मागचा भाग उघडा, बिबट्या तिथंच टपतो हे त्याला जन्मापासून ठाऊक असतं. त्याच्या डोक्यावर आपण बसायचं नाही. मार्चमध्ये आसपास दुसरं पाणी नसलं तर तुमच्या हौसेपायी त्याला तहानलेलं परत जावं लागेल, हे मला तरी पटत नाही. शिवाय जुन्या आंब्यावर हुमल्यांची, म्हणजे चावणाऱ्या तांबड्या मुंग्यांची घरटी असणारच, मुलगी पाच मिनिटं शांत बसू शकणार नाही.

जांभळाच्या फांद्या ठिसूळ. हिरवीगार दिसते आणि वजन पडलं की कडकन मोडते, पोरं जांभळं काढताना पडतात ती याच कारणानं. म्हणून खोड फक्त पाठीला ठेवायचं आणि पुढं जाड बांबूचे चार खांब स्वतंत्र पुरायचे. कुळागरात पडलेल्या पोफळी असतात त्या वापराव्या असं वाटतं, पण पोफळ जमिनीत लवकर कुजते, फळीसाठी चिरून घ्या, खांबासाठी नको. सांधे काथ्याच्या दोरीनं करकचून आवळा, तारेनं बांधलेला बांबू माणूस हलला की कुरकुरतो. उंची बारा ते पंधरा फूट पुरे. त्याहून वर गेलात तर फोटोत नुसत्या पाठी येतात. पाठीमागं खोड आणि पाला हवा, उघडं आकाश नको, नाहीतर तुमची आकृती उठून दिसते. जिवंत झाडाला खिळे मारू नका.

काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकून घ्या, पाणी सगळीकडं असतं तेव्हा, म्हणजे डोहाची गरज वाढेपर्यंत त्या आकाराची सवय होते. मग घरापासून मचाणापर्यंतची पायवाट झाडून ठेवा. फेब्रुवारीत पानगळीचा इतका खच असतो की अनवाणी चाललं तरी आवाज होतो, आणि एवढं सगळं करून शेवटच्या वीस पावलांत खरखर झाली तर काय उपयोग.

बांबू तोडायच्या आधी एक करा. सावरीच्या बोंडातला कापूस थोडा डबीत ठेवा, आणि जिथं मचाण होणार तिथं सकाळी नि संध्याकाळी उभं राहून एकेक धागा सोडा. तो आधी सरळ जातो, मग झाडीत शिरल्यावर वळतो, व्हाळाच्या तोंडाशी कधी कधी चक्क मागं फिरतो. असं वेगवेगळ्या दिवशी बघा. मी वर दिशा सांगितल्या त्या सर्वसाधारण आहेत, तुमच्या घळीत वारा काय करतो ते तो धागाच सांगेल, आणि धागा डोहाकडं गेला तर माझं न ऐकता जागा दहा-पंधरा पावलं सरकवा.

कपडे मळखाऊ, निळे तर बिलकुल नकोत, हरणांना लाल-केशरी नीट कळत नाही पण निळा फार चांगला दिसतो.

आणि दोन गोष्टी गंभीरपणे. सत्तरीतली बरीच गावं म्हादई अभयारण्यात किंवा त्याला लागून आहेत, १९९९ साली ते जाहीर झालं. तुमची जमीन हद्दीत येत असेल तर काहीही उभारण्याआधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन विचारा, तोंडी नको, अर्ज द्या. दुसरं माकडताप. २०१५पासून सत्तरीत त्याचे रुग्ण निघाले, तो गोचिडीतून येतो, आणि जोर डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका मचाणावर बसायचा हंगाम. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आरोग्य केंद्रात मिळतं ते तेल लावून जा, घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ आणि अंग नीट तपासणं. रानात माकड मेलेलं दिसलं तर त्या बाजूला जाऊ नका, लगेच कळवा. वाटेत गवा उभा असेल तर त्या दिवशी मचाण नाही, मुकाट्यानं मागं फिरा.

प्रश्न: माझा मुलगा पेनसिल्व्हेनियात नोकरी करतो. त्याचे ऑफिसातले मित्र त्याला हरणाच्या शिकारीला नेणार आहेत, झाडाला लोखंडी स्टँड लावून वर बसतात म्हणे. मला काळजी वाटते. तो म्हणतो, जागा कशी निवडायची ते तुमच्या त्या मचाणवाल्या काकांना विचार. – एक आई, फोंडा

उत्तर: ताई, आपल्याकडं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, तिथं ती लायसन्स काढून, ठरलेल्या सीझनला, कायदेशीर चालते. पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्याला आधी शिक्षणाचा कोर्स करावा लागतो, तो त्यानं मन लावून करावा.

जागेचं म्हणाल तर तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीणही नाकावरच चालतं, त्यामुळं वाऱ्याचं वर लिहिलंय ते सगळं लागू. फरक खाण्यात. तिथं शरद ऋतूत ओकची फळं पडतात, पांढऱ्या ओकची कमी तुरट म्हणून हरणांना जास्त आवडतात. झोपायची दाट झाडी आणि ओकची झाडं यांच्यामधली अरुंद पट्टी किंवा दोन टेकड्यांमधली खिंड शोधायची, आणि स्टँड त्या पट्टीच्या कडेला, वारा हरणाकडून आपल्याकडं येईल असा. एकच स्टँड असला तर वारा उलटा असेल त्या दिवशी न गेलेलं बरं. चढावर सकाळी ऊन लागल्यावर हवा वर चढते, संध्याकाळी खाली उतरते.

पण तुमच्या काळजीचं उत्तर यात नाही. स्टँडवरून पडून माणसं जायबंदी होतात, जीवही जातात. त्याला सांगा, जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत अंगात हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा पट्टा) आणि तो झाडाला अडकवलेला. झाड जिवंत, सरळ, साल न सुटलेलं. बंदूक रिकामी करून दोरीनं वर ओढायची, पाठीला लावून चढायचं नाही. बंदुकीच्या सीझनला डोक्यावर, छातीवर, पाठीवर मिळून किमान २५० चौरस इंच भडक केशरी कापड तिथं सक्तीचं आहे, ते दुसऱ्या शिकाऱ्याला दिसावं म्हणून. गोळीच्या रेषेत मागं काय आहे ते दिसत नसेल तर ती जागा कितीही चांगली असो, तिथं बसायचं नाही. आणि कुठल्या झाडावर आहे, कधी परतणार हे कुणाला तरी सांगून जायचं.

प्रश्न: मचाणासमोर मीठ किंवा आंबोण ठेवलं तर हरणं लवकर येतील का?

उत्तर: येतील, पण ठेवू नका. शिकारीच्या कायदेशीर व्याख्येत आमिष दाखवणंही येतं, तुमचा हेतू फोटोचा होता हे नंतर सांगत बसावं लागेल. शिवाय एकाच जागी तोंडं घातली की रोग पसरतात, आणि गावातली कुत्री ती जागा हेरतात. आवळा आणि बेहडा कुठं पडतो ते शोधा, भेकरं आणि सांबरं तिथं आपणहून येतात. नुसतीच हरणं बघायची असतील तर खोतीगावच्या अभयारण्यात पाणवठ्यावर टेहळणीचा मनोरा बांधलेला आहे, तिथं पहाटे जाऊन गप्प बसा.

प्रश्न: वायंगणाच्या (उन्हाळी) भातात रात्री मेरू घुसतात. राखणीचा माळा शेतात कुठं घालावा? मधोमध घातला तर चारही बाजू दिसतील ना? – एक शेतकरी, सांगे

उत्तर: दिसतील, पण रात्री तुम्हाला काय दिसणार? तुमचं काम फोटोवाल्याच्या उलटं आहे, तुम्ही तिथं आहात हे त्यांना कळलंच पाहिजे. म्हणून रात्री रानाकडून खाली सरकणारी हवा ध्यानात घ्या आणि माळा शेताच्या वरच्या अंगाला, ज्या बाजूनं ते शिरतात तिच्या जवळ घाला, म्हणजे तुमचा वास, धुराचा वास, विडीचा वास सगळा पिकावरून पसरत राहील. पण नेमका त्यांच्या वाटेवर नको, बाजूला घ्या, अंधारात गवा आला तर त्याला जायला जागा हवी. दर काही दिवसांनी शेकोटीची जागा बदला, एकाच जागच्या धुराला ते सरावतात.

काही जण फासे लावतात, कुंपणात करंट सोडतात. तसलं काही करू नका भाऊ, त्यात जनावर मरतं, शेजाऱ्याचं पोर मरतं, आणि तुम्ही तुरुंगात जाता. पीक खाल्लेलं दिसलं की सकाळीच, खुरांचे ठसे चिखलात ताजे असताना फोटो काढा, सर्व्हे नंबर लिहून विभागीय कृषी कार्यालयात आणि वनखात्याकडं दोन्हीकडं अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.