पासवर्ड करताय? आधी एवढं बघा

शांतादुर्गा@१२३ हा पासवर्ड गोव्यातल्या फोंडा तालुक्यात किती जणांचा असेल, विचार करा! कुलदैवत, गाव, मुलाचं नाव, जीए-०५ वाला गाडीचा नंबर हे तर शेजारीसुद्धा सांगेल. 'ए'च्या जागी '@' घालायची युक्ती पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅमना कधीचीच पाठ आहे.

तुम्ही चिन्हांच्या मागे लागू नका, लांबी वाढवा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्या. ते मनाने सुचवायचे नाहीत. शब्दकोश कुठेही उघडून बोट ठेवायचं, आणि आवडला नाही म्हणून शब्द बदलायचा नाही. समजा निघाले होडी, उशी, मुंगूस, पंचांग, ताक. रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ (-) देऊन टाइप करा. आता मांडवीतल्या होडीत उशीला टेकून, पंचांग बघत ताक पिणारं मुंगूस डोळ्यांसमोर आणा. विसरून दाखवा! (हेच पाच शब्द मात्र घेऊ नका.)

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:

- एकच पासवर्ड सगळीकडे. एका साइटवरून फुटला की चोर तोच बाकीकडे लावून बघतात. निदान ईमेलचा तरी वेगळा ठेवा, कारण बाकीचे पासवर्ड बदलायच्या लिंका तिथेच येतात.
- उगाच दर महिन्याला बदलणं. शेवटी नुसता आकडा वाढतो. फुटल्याची शंका आली तर मात्र लगेच बदला.
- मोबाइलच्या कव्हरमागे चिठ्ठी. घरी कपाटातल्या वहीत लिहिलात तर माझी हरकत नाही.

पासवर्ड मॅनेजरचं, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळून ठेवणाऱ्या ॲपचं, नंतर बघू. आज फक्त ईमेलचा बदला, आणि तिथेच टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोड वगैरे दुसरी खूणही मागणारी सोय) चालू करा.