वादक गेल्यावर त्याच्या पेडल स्टीलचं काय करावं?

पेडल स्टील गिटार म्हणजे समोर आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवून आणि पायाच्या पेडलांनी व गुडघ्याच्या लिव्हरनी तारांचे सूर बदलून वाजवायची गिटार. ती वाजवणारं माणूस गेलं की मागे एक वाद्य राहतं, थोड्या कॅसेट राहतात आणि घरच्यांना न कळणाऱ्या नोंदींची एखादी वही राहते. या वेळी आलेली बरीचशी पत्रं त्याच संदर्भातली आहेत. वादकाची आवड आणि सवय त्याच्या वाद्याच्या जुळणीत मुरलेली असते. ती जुळणी एकदा मोडली की पुन्हा सापडत नाही, म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत नोंदीवर इतका भर दिला आहे.

प्रश्न : काकांची दहा तारांची पेडल स्टील दीड वर्ष तशीच उभी आहे. धूळ बसली आहे, तारा गंजल्या आहेत. त्यांचे एक शिष्य ती वाजवण्यासाठी मागत आहेत. खोलून, स्वच्छ करून, नव्या तारा चढवून द्यावी असं वाटतं. सुरुवात कुठून करू?

खोलू नका. आधी मोजायची टेप घ्या आणि वाद्य आहे त्या स्थितीत मोजा : जमिनीपासून वाद्याच्या वरच्या कडेची उंची, काका बसायचे त्या आसनाची उंची, पेडलांची जमिनीपासूनची उंची. वाद्याचे पाय काढले की ही मापं गेली.

मग पेडलं आणि गुडघ्याच्या लिव्हर एकेक करून दाबा आणि कोणत्या तारेचा सूर कुठून कुठे जातो ते लिहा. पाच लिव्हर असतील तर सहसा डाव्या गुडघ्याच्या तीन (डावीकडे, वर, उजवीकडे) आणि उजव्या गुडघ्याच्या दोन असतात. तारा उतरल्या असतील तर सूर नीट कळणार नाही, पण कोणती तार हलते आणि चढते की उतरते एवढं नक्की कळेल. काकांच्या वहीत दहा ओळींचा आणि सात-आठ रकान्यांचा तक्ता सापडला तर तो जपून ठेवा. तोच त्यांचा कोपेडेंट, म्हणजे कोणतं पेडल कोणत्या तारेला काय करतं याचा नकाशा. प्रत्यक्ष वाद्याशी तो ताडून पाहा. वादक आयुष्यभर एखादी लिव्हर बदलत राहतात आणि वही मागे पडते.

यानंतर वाद्य पेटीत उलटं ठेवून खालच्या बाजूचे फोटो काढा. एक संपूर्ण, मग उजव्या टोकाच्या चेंजरचा (तारा ताणणारी-सैल करणारी यंत्रणा) जवळून, मग आडव्या शाफ्टवरच्या प्रत्येक बेलक्रँकचा (पेडलची ओढ चेंजरकडे जाणाऱ्या रॉडला देणारा छोटा दांडा). फोटोत रॉड कोणत्या भोकात अडकवला आहे ते दिसलंच पाहिजे. बेलक्रँकचं भोक शाफ्टपासून जितकं लांब, तितकं पेडल कमी दाबावं लागतं, पण ते जडही होतं. पायाला किती हलकं आणि किती जड हवं हे प्रत्येक वादक स्वतःपुरतं ठरवतो. काकांचा पाय कसा चालायचा हे त्या भोकांवरून कळतं.

आता स्वच्छता. धूळ मऊ ब्रशने काढा. चेंजरमध्ये जुनं तेल चिकट झालं असेल तर सूर परत जागेवर येत नाही : पेडल सोडल्यावर तार किंचित चढलेली किंवा उतरलेली राहते. लायटरमध्ये भरायचं पेट्रोल थोडं चेंजरमध्ये सोडून, पेडलं चालवून, ती घाण वाहू द्यावी. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास ज्योत नको. पूर्ण सुकल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. गंजलेले नट-बोल्ट सोडवायचे फवारे चेंजरवर मारू नका, त्यांचा थर पुढे चिकट होतो. लाखेचं पॉलिश असेल तर वाद्य रबर किंवा रेक्झिनला टेकून ठेवू नका, डाग पडतात.

नव्या तारा एका वेळी एकच बदला. जुन्या तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजून लिहून ठेवा. ई नाइन्थ या दहा तारांच्या नेहमीच्या जुळणीचा प्रचलित संच पहिल्या तारेपासून इंचांत असा : ०.०१२, ०.०१५, ०.०११, ०.०१४, ०.०१७, ०.०२०, आणि पुढे वेटोळ्याच्या (वर बारीक तार गुंडाळलेल्या) ०.०२६, ०.०३०, ०.०३४, ०.०३८. काकांचा संच वेगळा निघाला तर तोच लावा. सहावी तार काही जण साधी लावतात, काही वेटोळ्याची. जाडी बदलली की ती चढवायला लागणारा खेचही बदलतो आणि सगळे नायलॉन नट (पेडल दाबल्यावर तार किती चढावी हे ठरवणारे) नव्याने लावावे लागतात.

एक सावधगिरी. पुश-पुल पद्धतीचं (रॉड ओढून आणि ढकलूनही सूर बदलणारं) वाद्य असेल तर उजव्या टोकाच्या स्क्रूंना हातच लावू नका. ते लावण्याचा क्रम सर्वसाधारण ऑल-पुल (फक्त ओढून सूर बदलणाऱ्या) वाद्यापेक्षा वेगळा असतो आणि एक स्क्रू चुकला की बाकीचे बिघडत जातात. ते काम शिष्यावर सोपवा.

प्रश्न : दिवंगत शिक्षकांच्या वाद्यावर तिसरी तार सारखी तुटते. जाड तार लावू का?

उपयोग होणार नाही. तार कोणत्या सुराला तुटेल हे तिची लांबी आणि पोलाद ठरवतं, जाडी नाही. जाड तार जास्त ताण सोसते, पण त्याच सुराला तिला ताणही तितकाच जास्त लागतो. तिसरी तार ‘जी शार्प’ या सुराला असते आणि बी पेडल (सहसा डावीकडून दुसरं) तिला ए पर्यंत नेतं. सुमारे २४ इंच लांबीवर हे पोलादाच्या मर्यादेच्या अगदी जवळ जातं, आणि हे पेडल तर गाण्यात शेकडो वेळा दाबलं जातं.

तार कुठे तुटते ते पाहा. चेंजरच्या बोटाच्या (तार ज्यावरून वळते त्या फिरत्या भागाच्या) माथ्यावर तुटत असेल तर तिथे खाच पडली आहे. बोट फिरतं तशी तार त्याच जागी वाकते आणि थकते. तार काढून ६००, मग १०००, मग २००० नंबरचा पॉलिश पेपर तारेच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा, शेवटी धातूचं पॉलिश लावून पुसून घ्या. खाच गुळगुळीत करायची आहे, खोल करायची नाही. डाव्या टोकाला तुटत असेल तर रोलर (तारेखालचं फिरतं चाक) अडकला आहे. तारेच्या टोकाच्या गोळीजवळच्या पिळाशी तुटत असेल तर ती अडकवायची खुंटी तपासा. हे सगळं ठीक असलं तरी तिसरी तार बाकीच्यांपेक्षा लवकर बदलावीच लागते.

प्रश्न : सरांच्या वहीत जी शार्पपुढे “–१४” आणि एका लिव्हरपुढे “–३०” असं लिहिलं आहे. ट्यूनरवर सगळे काटे मध्यावर आणले तर वाद्य बेसूर लागतं. वहीतले आकडे बरोबर आहेत का?

बरोबर आहेत. तंबोरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो हार्मोनियमच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. ट्यूनरचा मध्य म्हणजे हार्मोनियमचा सूर. स्टीलवर तीन तारा लांबवर गुंजत राहतात, त्यामुळे हा फरक ठोके पडल्यासारखा ऐकू येतो आणि कानाला खुपतो.

ई हा षड्ज धरला तर जी शार्प त्याचा गंधार, म्हणून उणे १४. ए आणि बी पेडल एकत्र दाबली की ए मेजर कॉर्ड होते. तिचा गंधार सी शार्प, तो साधारण उणे १६. आता ए पेडलबरोबर ई चा एफ करणारी लिव्हर दाबली तर कॉर्ड सी शार्प मेजरची होते आणि ही एफ तिचा गंधार असते. षड्जच उणे १६ वर, त्याच्याखाली आणखी १४, म्हणजे उणे ३०. नवशिक्याला वाटतं लिव्हर बिघडली आहे आणि तो नट पिळत बसतो.

ऑल-पुल वाद्य लावताना आधी सगळ्या मोकळ्या तारा खुंट्यांवर लावा. मग पेडल पूर्ण दाबून धरून उजव्या टोकाचा नायलॉन नट फिरवा. पेडल दाबलं की लाकडी-धातूची चौकट किंचित वाकते आणि इतर तारा काही सेंट उतरतात. हा दोष जवळपास प्रत्येक वाद्यात असतो, तो पेडल दाबूनच ऐकावा आणि कानाने वाटून घ्यावा. काही वादक आकडे हार्मोनियमच्या जवळ ठेवतात, विशेषतः पियानोबरोबर वाजवताना. सरांनी ठेवले नव्हते. त्यांच्या आकड्यांवर त्यांची कॅसेट ऐका, पटेल.

प्रश्न : बडी एमन्स जाऊन दहा वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी स्टील वाजवणारे त्यांच्याविषयी अजून घरचं माणूस गेल्यासारखं बोलतात. त्यांनी नेमकं काय केलं? कुठून ऐकू?

बडी एमन्स, जन्म २७ जानेवारी १९३७, इंडियानातलं मिशावाका गाव. निधन २१ जुलै २०१५. १९५५ साली, अठराव्या वर्षी, ते कंट्री गायक लिटल जिमी डिकन्स यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. त्याआधी १९५४ मध्ये गायक वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्स यांनी वाजत असलेली तार पेडलने खेचून सूर वाकवला होता आणि कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलचे सगळे स्टीलवादक त्या आवाजामागे लागले होते. आयझॅक्स यांचं एक पेडल दोन सुरांचे बदल एकदम करायचं. एमन्स यांनी ते दोन पेडलांत विभागलं.

ही विभागणी किती मोठी आहे हे वाद्यावर बसूनच कळतं. चौथी, पाचवी, सहावी तार : ई, बी, जी शार्प. ए पेडल दाबा, फक्त बी चढून सी शार्प होते. बी पेडल दाबा, जी शार्प चढून ए होतो. ई दोन्ही वेळा जागचा हलत नाही. दोन्ही एकदम दाबली की ए मेजर. एक पेडल आधी, एक मागून असं दाबलं की एक सूर थांबतो आणि दुसरा त्याच्याकडे सरकत येतो. पेडल स्टील रडते असं लोक म्हणतात तो हाच आवाज. आज ई नाइन्थवर बसणारा जवळपास प्रत्येक जण ही विभागणी वापरतो आणि डावीकडून ए, बी, सी या पेडलक्रमाला एमन्स यांचंच नाव आहे. दुसरे स्टीलवादक जिमी डे यांचा क्रम याच्या उलटा. पहिल्या दोन तारा, एफ शार्प आणि डी शार्प, तिसरीपेक्षा खालच्या सुराच्या असूनही तिच्या वर बसवणं, हीसुद्धा एमन्स यांचीच देणगी. त्यामुळे बार न हलवता सरळ सप्तक वाजवता येतं.

वाद्य बनवणाऱ्या दोन कंपन्यांच्या उभारणीतही ते होते : स्टीलवादक शॉट जॅक्सन यांच्याबरोबर शो-बड, आणि नंतर स्वतःच्या नावाची एमन्स. स्टील गिटार हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश १९८१ साली झाला.

ऐकायचं तर ‘स्टील गिटार जॅझ’ (१९६३) पासून सुरुवात करा. आपलं वाद्य फक्त कंट्री गाण्यांच्या मागे हुंदके द्यायला आहे हा समज तिथे गळून पडतो. मग जूडी कॉलिन्स यांचं ‘समडे सून’ (१९६८). त्यात लक्ष शब्दांवर ठेवा : गायिका थांबते तिथेच स्टील येते आणि तिने तोंड उघडायच्या आत बाजूला होते. एक गोष्ट कान देऊन ऐका. एमन्स प्रत्येक सुराला व्हॉल्यूम पेडलने फुगवत नाहीत. आघात स्वच्छ येतो आणि सूर विरायला लागला की पेडल तो तेवढाच तोलून धरतं. शिकणारे बहुतेक जण याच्या उलट करतात. त्यांची आठवण म्हणून काही करायचंच असेल तर ही एक सवय सुधारा.

प्रश्न : बाबांच्या वादनाच्या चाळीसेक कॅसेट आणि दोन स्पूल आहेत. संगणकावर घेऊन आवाज स्वच्छ करून सगळ्यांना द्यायच्या आहेत.

घाई टाळा आणि पहिलं काम हे करा : प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिक कोपरे मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. मग टेपच्या मागची छोटी फेल्टची गादी पाहा. ती निखळली असेल तर टेप दुसऱ्या कवचात हलवावी लागेल. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आवाज मोनो करून हेडचा तिरपेपणा बदलणारा स्क्रू हळू फिरवा. आघाताची किनार जिथे सर्वांत लख्ख ऐकू येते ती जागा बरोबर. हे प्रत्येक कॅसेटसाठी वेगळं करावं लागतं, कारण प्रत्येक यंत्राचा तिरपेपणा वेगळा होता.

२४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल घ्या. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. या मूळ प्रतीवर कसलाही संस्कार करायचा नाही. खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीवर, तीही अगदी थोडी. स्टीलचा सूर हळूहळू विरतो आणि खरखर काढणाऱ्या प्रोग्रामला ते विरणं आणि खरखर यांतला फरक कळत नाही. तो सुराची शेपटी कापतो. वेटोळ्याच्या तारेवर बार घासल्याचा आवाजही काढू नका, तो बाबांच्या हाताचा आहे.

स्पूल वाजवताना किंचाळत असेल किंवा हेडवर तपकिरी चिकटा जमत असेल तर ताबडतोब थांबवा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपांचा बाइंडर (टेपवरचा चुंबकी थर चिकटवून ठेवणारा पदार्थ) ओलावा शोषून मऊ होतो. अशा टेपा नियंत्रित उष्णतेत, सुमारे ५४ अंश सेल्सिअसला काही तास ठेवून वाजवण्याजोग्या करता येतात. पण ते काम टेपा सांभाळणाऱ्या तज्ज्ञाचं आहे. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नका, आणि अ‍ॅसिटेटच्या जुन्या टेपांवर तर कधीच नको.

प्रश्न : स्मरणाच्या कार्यक्रमात त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगबरोबर साथ करायची आहे, पण सूर जुळत नाहीत.

बहुधा टेप वेगाने धावली आहे. वेग ३ टक्के जास्त असला की सूर साधारण अर्ध्या अर्धस्वराने चढतो. रेकॉर्डिंगचा वेग बदला, वाद्य नाही. पेडल स्टील अशी पाव-अर्धी चढवली की सगळे खेच बिघडतात आणि तिसरी तार तुटते. संगणकावर वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्याय वापरा, नुसता सूर बदलणारा नको.

प्रश्न : वाद्य दुसऱ्याच्या हाती देताना सोबत काय द्यायचं?

पाय, पेडल बार, पेडलांचे उभे रॉड, खुंटीची किल्ली, बार, बोटांची आणि अंगठ्याची नखं, व्हॉल्यूम पेडल आणि कोपेडेंटचा तक्ता. बार सहसा ७/८ इंच व्यासाचा असतो. तो कागदात गुंडाळा, कारण त्यावर चरा पडला की प्रत्येक तारेवर करकर ऐकू येते. व्हॉल्यूम पेडल खरखरत असेल तर आतला पॉट (आवाज कमी-जास्त करणारा भाग) झिजला आहे, नवा पॉट बसतो. उभे रॉड काढण्याआधी प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नंबर घाला. ते दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असू शकते आणि अदलाबदल झाली की एक पेडल जमिनीला टेकतं, दुसरं अधांतरी राहतं.